मेनफ्रेम आणि सर्व्हर: दोन्हीकडचा बिल्ड एकत्र कसा जुळवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेतल्या घरात बसून परदेशातल्या क्लायंटचे रिलीज सांभाळणारी मंडळी आता सांगलीत सहज भेटतात. एकाच्या पडद्यावर मेनफ्रेमची, म्हणजे बँकांसारख्या ठिकाणच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाची, हिरवी अक्षरं, दुसऱ्याच्या पडद्यावर जेन्किन्स, म्हणजे बिल्ड (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं) आपोआप चालवणारं टूल, आणि दोघांचा रिलीज एकाच रात्री. खालचे प्रश्न अशा लोकांकडून, वालचंद कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून आणि पुण्यातल्या जावावाल्यांकडून येत राहतात. पहिला प्रश्न बहुतेकदा "टूल कोणतं घ्यावं?" हाच असतो. तो मी मुद्दाम मागे ठेवलाय.

दोन्हीकडचे बिल्ड आपापले नीट चालतात. मग जुळवायचं काय उरतं?

जावाकडे गिटमध्ये (सोर्सचा इतिहास ठेवणारं टूल) कमिट, म्हणजे बदलाची नोंद, पडली की मेव्हन किंवा ग्रेडल हे बिल्डचं टूल चालतं, टेस्ट होतात, जार (जावाचा बांधलेला प्रोग्राम) किंवा कंटेनर इमेज तयार होते. मेनफ्रेमवर वाट लांबची आहे. कोबोल प्रोग्राममधलं एसक्यूएल (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) आधी डीबी२ या डेटाबेसच्या प्रीकंपायलरमधून किंवा कंपायलरच्या को-प्रोसेसरमधून जातं, सीआयसीएसच्या (ऑनलाइन व्यवहार चालवणारी यंत्रणा) कमांड असतील तर त्यांचंही भाषांतर होतं, मग कंपाइल, मग तुकडे जोडणारा बाइंडर. हाती दोन वस्तू येतात: लोड मॉड्यूल, म्हणजे चालवायचा प्रोग्राम, आणि डीबीआरएम, म्हणजे त्यातलं वेगळं काढलेलं एसक्यूएल. त्या डीबीआरएमचं पुन्हा डीबी२ मध्ये बाइंड करून पॅकेज, म्हणजे डीबी२ ला चालवता येईल असं रूप, करावं लागतं.

मिरज जंक्शनला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ येत. गाड्या आपापल्या रुळावर बिनघोर धावत. खोळंबा व्हायचा तो एका वाघिणीतला माल दुसरीत भरताना. इथेही कंपायलरवर खापर फोडण्यात अर्थ नसतो. जुळवायच्या असतात दोनच गोष्टी: या बाजूकडून त्या बाजूला जाणाऱ्या रेकॉर्डचा आकार, आणि कोणत्या लोड मॉड्यूलबरोबर कोणती जार चालायची ती जोडी.

रात्री अकराला मेनफ्रेम, साडेबाराला जावा, असं शेड्यूल लावलं तर भागत नाही का?

भागतं, आणि तिथेच फसगत होते. घड्याळावर जुळवलेला बिल्ड बरेच दिवस सुरळीत चालतो, म्हणून कुणी त्याला हात लावत नाही. मग महिनाअखेरची बॅच लांबते, अकराचा जॉब रांगेत बसतो, आणि साडेबाराला जावाचा बिल्ड कालच्या कॉपीबुकवर (रेकॉर्डमधली फील्ड आणि त्यांची लांबी सांगणारी कोबोलची सामाईक फाईल) इमानेइतबारे पूर्ण होतो. सकाळी दोन्ही बाजू हिरव्या! चूक कुठेच नोंदलेली नाही, कारण दोघांच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही.

अमेरिकेतल्या क्लायंटचं घड्याळ मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये एक तास मागे जातं, आपलं जात नाही. एक शेड्यूलर भारतीय वेळेवर आणि दुसरा तिकडच्या वेळेवर असेल, तर वर्षातून दोनदा दोन्ही बिल्डमधलं अंतर आपोआप बदलतं.

घड्याळाऐवजी घटनेवर जुळवा. मेनफ्रेमचा बिल्ड यशस्वी संपला, हाच जावाच्या बिल्डचा सिग्नल. आणि प्रत्येक वस्तूवर ती कुठल्या कमिटमधून आली याची खूण हवी. बाइंडरला सेटएसएसआय नावाचं कंट्रोल स्टेटमेंट देता येतं. त्यात सोळाच्या पायातले आठ अंक मावतात, म्हणजे गिटच्या कमिट हॅशची पहिली आठ अक्षरं बरोबर बसतात. डीबी२ च्या पॅकेजला व्हर्जनचं नाव देता येतं. जारमध्ये मॅनिफेस्ट, म्हणजे तिची माहिती देणारी फाईल, असतंच. या तिन्ही खुणा एका छोट्या रिलीज फाईलमध्ये लिहून तीच फाईल गिटमध्ये ठेवली, की "प्रॉडमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, नक्की काय आहे?" या प्रश्नाला फोनाफोनी लागत नाही.

कॉपीबुकमध्ये एक फील्ड थोडं मोठं केलं. एवढ्यावरून बोंब का होते?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर.

समजा रेकॉर्डमध्ये रक्कम पॅक्ड डेसिमलमध्ये आहे, म्हणजे कॉम्प-३, जिथे एका बाइटमध्ये दोन अंक मावतात: दशांशाआधी सात अंक, नंतर दोन, आणि चिन्ह. नऊ अंक अधिक अर्ध्या बाइटचं चिन्ह, असे पाच बाइट होतात. १२,३४५.६७ ही रक्कम सोळाच्या पायात ०० १२ ३४ ५६ ७सी अशी बसते. शेवटचा सी म्हणजे अधिक. आता व्यवहार मोठे झाले म्हणून कुणीतरी सातचे नऊ अंक केले. एकूण अकरा अंक, सहा बाइट: ०० ०० १२ ३४ ५६ ७सी.

जावाचा जुना क्लास (रेकॉर्ड वाचणारा कोडचा भाग) अजून पाचच बाइट वाचतोय. त्याला मिळतं ०० ०० १२ ३४ ५६. वाचणारी लायब्ररी काटेकोर असेल तर चिन्हाच्या जागी ६ बघून ती एरर देते, आणि ते आपलं नशीब. ढिली असेल तर ती सहाला चिन्ह समजून पुढे जाते, आणि १२,३४५.६७ चे १२३.४५ होतात. उरलेला ७सी हा बाइट पुढच्या फील्डमध्ये घुसतो. पुढे ग्राहकाचं नाव असेल तर एब्सिडिकमध्ये (मेनफ्रेमवर अक्षरं साठवायची पद्धत) ७सी म्हणजे @. नाव एक घर सरकतं आणि त्याच्या पुढ्यात @ येऊन बसतो.

आमच्याकडच्या एका कॉलवरचं संभाषण:

"मॅडम, काही कस्टमरच्या नावापुढं ॲट द रेट येतंय. सगळ्यांच्या नाही, थोड्यांच्याच."

"रक्कम सातनं संपतीय का बघ त्यांची."

"...हो की! आणि काहींच्या पुढं चांदणी आहे."

"त्या पाचनं संपत असतील. कॉपीबुक कधी बदललं ते काढ आधी, कोड नंतर बघू."

पाच आणि सी मिळून ५सी, म्हणजे *. सहा आणि सी, म्हणजे %. ज्यांनी आयुष्यभर हेक्स डंप (सोळाच्या पायात छापलेले बाइट) वाचलेत त्यांना हे पाठच असतं. लॉगमध्ये मात्र यातलं एक अक्षरही सापडत नाही.

म्हणून माझं ठाम मत: दोन बाजूंमधला करार म्हणजे कॉपीबुक. एपीआयचं डॉक्युमेंट, मीटिंगचे मिनिट्स, एक्सेलची मॅपिंग शीट, ही सगळी त्याची छायाचित्रं, आणि तीही जुनी.

मग कॉपीबुक ठेवायचं कुठे?

एकाच जागी, शक्यतो गिटच्या स्वतंत्र रिपॉझिटरीत, आणि दोन्ही पाइपलाइननी (बिल्डच्या आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी) तिथूनच उचलायचं. जावाचे क्लास हाताने लिहायचे नाहीत. कॉपीबुकवरून क्लास तयार करणारी साधनं आहेत, तीच बिल्डच्या पहिल्या पायरीत चालवायची. कॉपीबुक बदललं की दोन्ही बिल्ड आपोआप सुटले पाहिजेत. एक नापास झाला तर दुसराही अडला पाहिजे.

शिवाय पाइपलाइनमध्ये एक किरकोळ तपासणी घाला: नव्या आणि जुन्या कॉपीबुकप्रमाणे रेकॉर्डची लांबी आणि प्रत्येक फील्डची सुरुवात काढून ताडून बघणं. शंभरेक ओळींची स्क्रिप्ट पुरते. जुन्या जाणत्या प्रोग्रामरनी रेकॉर्डच्या शेवटी भरपूर फिलर, म्हणजे रिकाम्या जागा, सोडलेले असतात. नवं फील्ड त्या फिलरमधून कापून घेतलं तर आधीचं काही सरकत नाही, आणि जुनी जार नव्या मॉड्यूलबरोबर सुखाने नांदते. असलेलं फील्ड फुगवण्यापेक्षा फिलरमध्ये नवं टाकणं जवळजवळ नेहमीच बरं.

कंपाइलचा रिटर्न कोड ४ आला. बिल्ड लाल की हिरवा?

मेनफ्रेमवर ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे इशारा, ८ आणि त्यापुढे चूक. युनिक्सच्या जगात ० सोडून सगळंच अपयश. त्यामुळे चारला कोबोलवाले "चालतंय की" म्हणतात आणि जेन्किन्स लाल होतो. प्रत्येक पायरीसाठी जास्तीत जास्त किती चालेल हे लिहून ठेवा: कंपाइलला ४, बाइंडरला बहुधा ४, टेस्टला फक्त ०. हे पाइपलाइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये असावं, कुणाच्या डोक्यात नको.

याच्या उलटा खड्डा जास्त खोल आहे. मेनफ्रेमवरच्या पायरीचा रिटर्न कोड ४०९५ पर्यंत जाऊ शकतो. युनिक्सचा एक्झिट कोड आठ बिटांचा, म्हणजे २५५ पर्यंतच. एखाद्या प्रोग्रामने २५६ परत केला आणि स्क्रिप्टने तो जसाच्या तसा पुढे ढकलला, तर शेलला दिसतो शून्य. आकडा सरळ पास करू नका. आधी मर्यादेशी ताडा, मग ० किंवा १ द्या.

(जेसीएल, म्हणजे मेनफ्रेमला जॉब सांगायची भाषा, तिच्यातला कॉन्ड पॅरामीटर उलटा वाचावा लागतो, अट खरी ठरली तर पायरी गाळली जाते, हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर इफ-देन वापरा आणि सुखी राहा.)

जेन्किन्सने जॉब सबमिट केला आणि लगेच हिरवा झाला. इकडे जॉब तर अजून चालूच आहे!

सबमिट होणं म्हणजे पोस्टाच्या पेटीत पत्र पडणं नव्हे का, असं पुण्याचा एक मित्र विचारतो. तेवढंच. जेईएसने, म्हणजे मेनफ्रेमवर जॉबची रांग सांभाळणाऱ्या यंत्रणेने, जॉब स्वीकारला, एवढाच त्याचा अर्थ. एफटीपीने जेसीएल पाठवणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये हा दोष हमखास असतो. झेड/ओएसएमएफच्या (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम झेड/ओएस, तिचं वेबवरून काम घेणारं अंग) रेस्ट सेवेने किंवा झोवेच्या (मेनफ्रेमला बाहेरून हुकूम देणारं ओपन सोर्स साधन) कमांडने जॉब पाठवा, जॉब आयडी हातात घ्या आणि तो आउटपुट रांगेत येईपर्यंत विचारत राहा. शेवटी मिळणारं उत्तर सीसी ०००० सारखा रिटर्न कोड, ॲबेंड (जॉब मध्येच कोसळणं) किंवा जेसीएल एरर असं असतं. तिन्ही वेगवेगळे हाताळा. विचारत राहण्याला कमाल वेळही ठरवा. स्पूल, म्हणजे जॉबचं साठवलेलं आउटपुट, उतरवून बिल्डच्या नोंदीला जोडा, म्हणजे जावावाल्याला लॉग बघायला मेनफ्रेमच्या टीएसओचं लॉगिन मागत फिरावं लागणार नाही.

दोन ब्रँचचे (सोर्सच्या समांतर प्रतींचे) बिल्ड एकदम सोडले की एक लटकतो. का?

आधी जॉबचं नाव बघा. जेईएस२ साधारणपणे एकाच नावाचे दोन जॉब एकाच वेळी चालवत नाही. दुसरा थांबून राहतो. नाव आठच अक्षरांचं, त्यामुळे शेवटची दोन-तीन अक्षरं बिल्ड क्रमांकासाठी राखून ठेवा. नाव वेगळं असूनही लटकत असेल तर दोघांना एकच डेटासेट, म्हणजे मेनफ्रेमवरची फाईल, स्वतःपुरता हवा असतो. प्रत्येक बिल्डला स्वतःच्या हाय लेव्हल क्वालिफायरखाली (डेटासेटच्या नावाचा पहिला भाग) वेगळ्या लायब्ररी द्या आणि काम झालं की पुसा. तेही नसेल तर त्या जॉब क्लासला इनिशिएटर (रांगेतले जॉब चालवायला घेणारे) कमी आहेत. सिस्टम प्रोग्रामरशी गोडीने बोला.

गिटमधून आलेल्या सोर्समध्ये अक्षरं बदललेली दिसतात.

गिटमध्ये यूटीएफ-८, मेनफ्रेमवर एब्सिडिक. कुठल्या फाईलचं कोणत्या कोड पेजमध्ये (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) रूपांतर करायचं हे गिटॲट्रिब्यूट्सच्या फाईलमध्ये लिहावं लागतं. झेड/ओएसवरचं गिट ते वाचतं. एब्सिडिकही एकच नाही. चौकोनी कंस ०३७ आणि १०४७ या दोन कोड पेजमध्ये वेगवेगळ्या जागी आहेत, त्यामुळे फक्त कंस बिघडलेले दिसले तर संशय तिथेच घ्यायचा.

जास्त त्रास देतात ती जुन्या सोर्समधली अदृश्य अक्षरं. वीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिटरलमध्ये, म्हणजे कोडमधल्या ठरीव मजकुरात, नवी ओळ किंवा कॅरेज रिटर्नचा बाइट थेट टाइप करून ठेवलेला असतो. यूटीएफ-८ मध्ये जाऊन परत येताना तो तसाच येत नाही, ओळच तुटते. स्थलांतराआधी असे बाइट शोधा आणि त्यांच्या जागी हेक्स लिटरल लिहा. कोबोलची ओळ ७२ व्या रकान्यानंतर वाचली जात नाही हेही विसरू नका. एडिटरने टॅब घातला किंवा ओळ दोन अक्षरं सरकवली, तर शेवटचा शब्द कापला जाऊनही कधीकधी कंपाइल होतं.

दर वेळी सगळं कंपाइल करावं की बदललेलंच?

बदललेलं आणि त्यावर अवलंबून असलेलं. कोणता प्रोग्राम कोणती कॉपीबुक ओढतो हे सोर्स वाचूनच काढावं लागतं. आयबीएमचं डिपेंडन्सी बेस्ड बिल्ड हेच काम करतं. एक गोष्ट हमखास निसटते: स्टॅटिक कॉल, म्हणजे सबप्रोग्राम मॉड्यूलमध्येच जोडून टाकणं. सबप्रोग्राम बदलला आणि तो दुसऱ्या लोड मॉड्यूलमध्ये जोडलेला असेल, तर त्या प्रत्येक मॉड्यूलचं लिंक पुन्हा व्हायला हवं. नाहीतर जुनी प्रत तिथे आरामात राहते. आठवड्यातून एकदा सगळं नव्याने कंपाइल करून बघा, पण त्यातून निघालेलं प्रॉडमध्ये नेऊ नका.

टेस्टमध्ये चाललं, वरच्या पातळीवर गेल्यावर डीबी२ चा उणे ८०५ किंवा उणे ८१८ एरर येतो.

लोड मॉड्यूल आणि डीबी२ चं पॅकेज वेगवेगळ्या कंपाइलमधले आहेत. प्रीकंपाइलच्या वेळी दोघांत एकच खूण घातली जाते, कन्सिस्टन्सी टोकन. ती जुळली नाही की डीबी२ नाही म्हणतो. कारण बहुतेकदा एकच असतं: प्रत्येक पातळीवर नव्याने कंपाइल करायची सवय. कंपाइल एकदाच, आणि मॉड्यूल व डीबीआरएम जोडीने वर न्या. वरच्या पातळीवर फक्त बाइंड. जावावाले जार एकदाच बनवून सगळीकडे तीच नेतात. तोच शिस्तीचा नियम इथेही.

आमच्याकडे मेनफ्रेमचा सोर्स सांभाळणारं एन्डेव्हर किंवा चेंजमॅन आहे. ते काढून गिट आणावं का?

आता टूलचा प्रश्न. काढायची घाई नको. एन्डेव्हर आज ब्रॉडकॉमकडे आणि त्याच जातीचं आयएसपीडब्ल्यू बीएमसीकडे आहे. ही दोन्ही आणि चेंजमॅन झेडएमएफ, तिन्ही बाहेरच्या पाइपलाइनमधून हलवता येतात. झोवे २०१८ पासून ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टखाली आहे. त्याच्या कमांड लाइनमधून एन्डेव्हरसाठी प्लगइन मिळतं. जेन्किन्सने हुकूम द्यायचा, एन्डेव्हरने बिल्ड करून निकाल द्यायचा, ही रचना चालते. मंजुऱ्या आणि ऑडिटचा इतिहास त्यातच असतो, आणि बँकेच्या ऑडिटरला तो हवा असतो.

चालत नाही ते अर्धवट: थोडा सोर्स गिटमध्ये, तोच सोर्स एन्डेव्हरमध्ये, आणि दोघांत रोज रात्री कॉपी करणारी स्क्रिप्ट. खरा सोर्स कुठला यावर मग रिलीजच्या रात्री वाद होतात. एका ॲप्लिकेशनचा मूळ सोर्स एकाच ठिकाणी, कुठे ते तुम्ही ठरवा.

डिप्लॉय (नवा प्रोग्राम प्रत्यक्ष वापरात ठेवणं) आधी कुणी करायचं? आणि मागे यायचं झालं तर?

नवा मेनफ्रेम प्रोग्राम जुन्या जारला चालणार असेल, तर मेनफ्रेम आधी. आधी बाइंड, मग लोड लायब्ररी, मग सीआयसीएसला नव्या प्रतीची कमांड. प्रोग्राम वापरात असेल तर न्यूकॉपी ही कमांड नापास होते. फेजइन या दुसऱ्या कमांडमध्ये चालू टास्क जुन्या प्रतीवर संपतात आणि नवे नव्यावर जातात. ही पायरी विसरली तर लायब्ररीत नवं आणि मेमरीत जुनं अशी गंमत होते. सीआयसीएसच्या प्रत्येक रीजनवर (चालू असलेल्या प्रत्येक प्रतीवर) कमांड गेली का, हे पाइपलाइननेच मोजावं.

मागे येताना मॉड्यूल, पॅकेज आणि जार तिन्ही एकत्र मागे यायला हवेत. पॅकेजचं जुनं व्हर्जन डीबी२ मधून पुसलेलं नसेल, तर जुनं मॉड्यूल परत ठेवताच ते स्वतःच्या टोकनने आपलं पॅकेज शोधतं. साफसफाईचा जॉब म्हणून जुनी व्हर्जन लगेच उडवत जाऊ नका. टेबलमध्ये नवा कॉलम घातला असेल तर तो राहू द्या. जुन्या प्रोग्रामने कॉलमची नावं घेऊन इन्सर्ट केलं असेल आणि नव्या कॉलमला डिफॉल्ट असेल, तर त्याचा अडथळा होत नाही.

दिवसा बिल्ड सोडू नका असं क्लायंट का सांगतो?

बिलामुळे. अनेक करारांत आयबीएमचं मासिक सॉफ्टवेअर शुल्क प्रोसेसरच्या वापराच्या चार तासांच्या सरकत्या सरासरीच्या महिन्यातल्या उच्चांकावर ठरतं. भर व्यवहाराच्या वेळी मोठा बिल्ड सोडला तर तो उच्चांक वर जाऊ शकतो. २०१९ पासून टेलर्ड फिट प्रायसिंग आलं, तिथे हिशेब वेगळा. विचारून घ्या. छोटे, बदलापुरते बिल्ड दिवसा आणि पूर्ण बिल्ड रात्री, यावर बहुतेक क्लायंट राजी होतात.

पावसाळ्यात इथली लाइट आणि नेट जातं. रिलीज कसा सांभाळायचा?

तुमच्या लॅपटॉपवरून एकही पायरी चालता कामा नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा घरातून बाहेर पडणंही अवघड होतं. पाइपलाइन सर्व्हरवर चालत असेल तर मोबाइलवरून मंजुरीचं बटण दाबलं तरी पुरतं, किंवा दुसऱ्या गावातला सहकारी दाबतो. पायऱ्या कुणाच्या वहीत असतील तर तो सहकारी काही करू शकत नाही.

कॉलेजात मेनफ्रेम नाही. हात कुठे बसवायचा?

आयबीएमचं झेड एक्सप्लोर फुकट आहे, आणि तिथे खऱ्या झेड/ओएसवर जॉब पाठवता येतो. लॅपटॉपवर ग्नूकोबोल हा कोबोलचा मोफत कंपायलर टाका, एक कॉम्प-३ चं फील्ड आणि त्यामागे नाव असा रेकॉर्ड फाईलमध्ये लिहा, तो जावाने वाचा, मग फील्ड दोन अंकांनी वाढवून जावाला न सांगता पुन्हा चालवा. लॅपटॉपवर एब्सिडिक नसल्याने सातने संपणाऱ्या रकमेमागे @ ऐवजी उभी रेघ | दिसेल. ते साधलं की गिटहबवर दोन्ही बिल्ड एका पाइपलाइनमध्ये बांधा आणि कॉपीबुकच्या लांबीची तपासणी मध्ये घाला. मुलाखतीला जाताना ती रिपॉझिटरी दाखवा. नुसत्या सर्टिफिकेटपेक्षा तिच्यावर जास्त वेळ बोलणं होतं.